गाडी साडेचार तास लेट, पुढचं विमान हुकलं: वरखर्च रेल्वेकडून कसा मागायचा

नागपूरला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून मुंबईला येणारी रात्रीची गाडी सकाळी ६.४० ला दादरला यायला हवी होती, ती ११.१० ला आली. त्याच दिवशी दुपारी १२.०५ चं कोचीचं विमान हुकलं. तिघांची संध्याकाळच्या विमानाची नवी तिकिटं २४,३०० रुपयांना घ्यावी लागली. टीडीआर, म्हणजे भाडं परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज भरला, तो फेटाळला गेला. रेल मदत या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार केली, तर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढं लिहून ती बंद केली. आता पैसे मिळतील का, आणि कुठून?

मिळू शकतात. पण आतापर्यंत तुम्ही ज्या दोन दारांवर गेलात, तिथून ते कधीच मिळणार नव्हते. भाड्याचा परतावा आणि नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परतावा रेल्वेच्या नियमांप्रमाणे रेल्वेच देते. नुकसानभरपाई मात्र जिल्हा ग्राहक आयोगात मागावी लागते. बहुतेक लोक टीडीआर फेटाळला की विषय संपला असं समजतात आणि तिथेच सोडून देतात.

आधी टीडीआरचं बघू. २०१५ च्या परतावा नियमांप्रमाणे गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल तर पूर्ण भाडं परत मिळतं. पण हा उशीर तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनवरचा धरतात, उतरायच्या स्टेशनवरचा नाही. शिवाय गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरायचा असतो आणि त्या गाडीने प्रवास करायचा नसतो. खिडकीवरचं तिकीट असेल तर ते गाडी सुटण्याआधी खिडकीवर परत करायचं. तुमची गाडी नागपूरहून जवळपास वेळेवर सुटली, वाटेत रखडली आणि तुम्ही दादरपर्यंत आलात. त्यामुळे त्या नियमात तुमचा टीडीआर बसतच नव्हता. तो फेटाळला म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही आणि त्यामुळे तुमचा भरपाईचा हक्कही जात नाही.

परताव्याच्या बाकी मुदती इथेच सांगून ठेवतो, कारण त्या तासांत मोजल्या जातात. पूर्ण गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरचं तिकीट नियोजित सुटण्याच्या वेळेपासून तीन दिवसांत परत करावं लागतं. मार्ग बदलला आणि त्यामुळे प्रवास केला नाही, तर ७२ तासांत टीडीआर. एसी बंद पडला तर टीटीईकडून तसं प्रमाणपत्र घ्यायचं आणि गाडी पोचल्यापासून २० तासांत भाड्यातला फरक मागायचा. विमानाऐवजी पुढची रेल्वेगाडीच हुकली असेल, तर १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच असावे लागतात. पहिली गाडी लेट आल्याने दुसरी हुकली, तर पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत मागणी केल्यास न झालेल्या प्रवासाचं भाडं काहीही न कापता मिळतं. पीएनआर जोडलेले नसतील तर दुसरं तिकीट ‘प्रवासी आला नाही’ या सदरात जातं.

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना काही पैशांत जो विमा मिळतो, तो मृत्यू, अपंगत्व आणि इस्पितळाच्या खर्चाचा असतो. उशिरासाठी त्यात काहीच नाही. मुंबई–अहमदाबाद तेजससारख्या आयआरसीटीसीच्या गाड्यांना एक तासाच्या वर उशिराला १०० आणि दोन तासांच्या वर २५० रुपये मिळायचे. ती योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. म्हणजे आज ‘इतका उशीर, इतके पैसे’ असा तयार तक्ता कुठेही नाही. युरोपात तसे तक्ते आहेत. आपल्याकडे प्रत्येक प्रवाशाला आपलं नुकसान सिद्ध करावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. तुमचा दावा सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०२१ च्या निकालावर उभा राहतो: नॉर्थ वेस्टर्न रेल्वे विरुद्ध संजय शुक्ला, न्या. एम. आर. शाह आणि न्या. अनिरुद्ध बोस. अजमेर–जम्मू एक्स्प्रेस सकाळी ८.१० ला जम्मूला पोचायची होती, ती जवळपास चार तास उशिरा पोचली. दुपारी १२ चं श्रीनगरचं विमान हुकलं आणि कुटुंबाला टॅक्सीने श्रीनगरला जावं लागलं. अलवरच्या जिल्हा मंचाने टॅक्सीसाठी १५,००० रुपये, बुकिंगच्या नुकसानीपोटी १०,०००, मानसिक त्रासाबद्दल ५,००० आणि दाव्याच्या खर्चापोटी ५,००० असं दिलं. राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने ते कायम ठेवलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तुमच्या प्रकरणाची ठेवण जवळजवळ हीच आहे.

त्या निकालातून दोन गोष्टी घ्यायच्या. रेल्वेचा पहिला बचाव नेहमी कोचिंग टॅरिफच्या, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या दर-नियमांच्या पुस्तिकेतल्या नियम ११४ आणि ११५ चा असतो: वेळापत्रकाची हमी नाही, उशिराची जबाबदारी नाही. तो बचाव तिथे टिकला नाही. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे, उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेर होता, हे दाखवायची जबाबदारी रेल्वेची आहे असं न्यायालयाने सांगितलं. कारण दिलं नाही, किंवा दिलं पण सिद्ध केलं नाही, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. प्रत्येक प्रवाशाचा वेळ मोलाचा आहे आणि त्याने पुढच्या प्रवासाचं तिकीट काढलेलं असू शकतं, हेही निकालात स्पष्ट आहे. निकालाची प्रत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढून तक्रारीला जोडा. नुसतं नाव लिहून भागत नाही.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी उशिराचं कारण शोधा, आणि त्यासाठी माहिती अधिकार हेच साधन आहे. आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून मध्य रेल्वेच्या संबंधित विभागाकडे अर्ज करा. नागपूर–मुंबई मार्गावर नागपूर, भुसावळ आणि मुंबई असे तीन विभाग येतात. गाडी नेमकी कुठे रखडली हे तुम्ही प्रवासात पाहिलं असेलच. बडनेऱ्याच्या पुढे की इगतपुरीला, त्याप्रमाणे विभाग निवडा आणि शंका असेल तर तिन्हीकडे अर्ज टाका. ‘गाडी लेट का झाली?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही. कागद मागा: त्या तारखेच्या त्या क्रमांकाच्या गाडीचा स्टेशननिहाय येण्या-सुटण्याचा प्रत्यक्ष वेळ, प्रत्येक ठिकाणी गेलेला वेळ आणि नोंदवलेलं कारण, नियंत्रण कक्षाच्या तक्त्याची त्या भागाची प्रत, आणि गार्डच्या म्हणजे आता ट्रेन मॅनेजरच्या नोंदीची प्रत. हा अर्ज पहिल्या महिन्यातच टाका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे म्हणून निवांत राहिलात, तर तोवर हे कागद निकाली काढलेले असू शकतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला शुल्क नाही.

या कागदात जे कारण येतं, त्यावर तुमच्या दाव्याची ताकद ठरते. इंजिन बिघडलं, सिग्नल बंद पडला, ओव्हरहेड वायर तुटली, मालगाडीला पुढे काढलं, रेक म्हणजे डब्यांचा संच धुऊन वेळेत आला नाही: ही सगळी रेल्वेच्या घरातली कारणं आहेत. देखभाल त्यांची, नियोजन त्यांचं. साखळी ओढली, जनावर रुळावर आलं: ही बाहेरची कारणं, पण त्यांत सहसा काही मिनिटं जातात, साडेचार तास नाही. म्हणून एकूण उशीर कारणांनुसार वाटून दाखवा. २७० मिनिटांपैकी २० मिनिटं साखळीची आणि २५० मिनिटं इंजिनाची असतील, तर तक्रारीत ते आकडे तसेच मांडा.

पूर, दरड, दाट धुकं असेल तर भरपाईचा दावा कमजोर होतो आणि ते मान्य करून चालावं. ९ जुलै २०२४ ला पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे बंद पडली, त्याच महिन्यात दिवाणखवटीजवळ दरड कोसळली, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. अशा दिवशी विमान हुकल्याचे पैसे मागण्यापेक्षा पूर्ण परतावा नियमाप्रमाणे पदरात पाडून घ्यावा. तरीही अशा वेळी एक प्रश्न शिल्लक राहतो: रेल्वेला आदल्या रात्रीपासून माहीत होतं का, आणि प्रवाशांना कळवलं का? मार्ग बंद असताना गाडी सोडली आणि काहीच सांगितलं नाही, तर त्रुटी दरडीची नसली तरी न कळवण्याची आहे. कोकणात जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. पावसाळ्यात तिथे वेगळं वेळापत्रक लागू असतं आणि उशीर त्याच वेळापत्रकाशी ताडून मोजला जातो, एरवीच्या वेळेशी नाही.

पुरावे कोणते लागतात? गाडी कधी आली याचा स्क्रीनशॉट एनटीईएसवरून (गाड्यांची धावती वेळ दाखवणाऱ्या रेल्वेच्या संकेतस्थळावरून) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्यायला हवा, कारण काही दिवसांतच ती माहिती दिसेनाशी होते. तो राहिला असेल तर हताश होऊ नका, माहिती अधिकाराचा कागद त्याहून भक्कम असतो. रेल मदतचा तक्रार क्रमांक आणि त्यांचं ते एका ओळीचं उत्तर जपून ठेवा. ‘दिलगीर आहोत’ या उत्तरात उशीर नाकारलेला नाही आणि कारणही दिलेलं नाही. दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. विमान कंपनीला ईमेल पाठवून तुम्ही त्या विमानात चढला नाहीत याचं लेखी पत्र मागा. जुन्या तिकिटाची बुकिंगची तारीख दिसेल अशी प्रत काढा, कारण ते तिकीट आधीच काढलेलं होतं हे त्यातून सिद्ध होतं. नव्या तिकिटांचं बिल आणि बँकेचा किंवा यूपीआयचा उतारा दोन्ही हवेत. स्क्रीनशॉट आणि ईमेलसाठी भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फार अडकत नाही, पण समोरच्या वकिलाला आक्षेपाची जागा ठेवू नये.

आता आकडा. इथे चांगले दावे घसरतात, कारण लोक सगळी बिलं एकत्र करून मागतात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७३ पाहा. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेलं नुकसान मिळतं, लांबचं आणि अप्रत्यक्ष मिळत नाही, आणि नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं हेही बघितलं जातं. जुन्या विमान तिकिटांचे १३,५०० आणि नव्यांचे २४,३०० असे दोन्ही मागता येणार नाहीत. गाडी वेळेवर आली असती तरी १३,५०० खर्च झालेच असते. तुमचं खरं नुकसान म्हणजे नव्या तिकिटांचा खर्च, वजा जुन्या तिकिटांवर परत मिळालेली रक्कम. प्रवासी विमानात न चढल्यास डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत करावे लागतात. ते आधी मागून घ्या. समजा २,१०० मिळाले, तर मागणी २२,२०० ची. ते मागितलेच नाहीत, तर रेल्वेचा वकील तेवढी रक्कम वजा करायला लावेल, आणि त्यात तो चूक नसेल.

दादर ते विमानतळ टॅक्सी तुम्हाला एरवीही लागलीच असती, ती काढून टाका. संध्याकाळपर्यंत थांबावं लागल्याने झालेला जेवणाखाण्याचा खर्च बिल असेल तर घाला. कोचीला आधी ठरवलेल्या गाडीचे आगाऊ पैसे बुडाले असतील, तर त्याची पावती आणि ‘परत मिळणार नाही’ असं त्या चालकाचं किंवा एजन्सीचं लेखी उत्तर हवं. रजेचा पगार, हुकलेली मीटिंग, बुडालेला सौदा हे घालू नका. ते लांबच्या नुकसानीत मोडतं आणि खऱ्या मागणीचं वजन कमी करतं. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा, पण माफक. २५ हजारांच्या नुकसानीला पाच लाख त्रासाचे मागितले, तर तक्रार वाचणाऱ्याचं मत पहिल्याच पानावर बिघडतं.

तुम्ही इगतपुरीला उतरून टॅक्सी केली असती आणि विमान मिळालं असतं, तर? तर त्या टॅक्सीचं भाडं मागता आलं असतं, आणि तो दावा याहून सोपा झाला असता. मोठं नुकसान टाळण्यासाठी छोटा खर्च करणं कायद्याला मान्य आहे. पुढे कुणावर ही वेळ आली तर लक्षात ठेवा: गाडी तास-दीड तास एकाच जागी उभी आहे, पुढे रस्ता आहे, तर उतरून जाण्याचा विचार करा. उतरण्याआधी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करून किंवा रेल मदतवर ‘पुढचं विमान इतक्या वाजता आहे, गाडी कधी सुटेल?’ असं विचारून ठेवा. त्या एका नोंदीत तुमची निकड आणि रेल्वेचं मौन दोन्ही येतं.

तक्रार कुठे आणि कुणाविरुद्ध? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. मुंबईला खेपा घालायची गरज नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. वकील सक्तीचा नाही. सामनेवाले म्हणून ‘भारत सरकार, तर्फे महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई’ असं लिहा. नुसतं ‘स्टेशन मास्तर, दादर’ लिहिलं तर योग्य पक्षकार जोडला नाही असा आक्षेप येतो. गाडी दुसऱ्या झोनमधून येत असेल आणि उशीर तिकडे झाला असेल, तर त्या झोनचे महाव्यवस्थापकही जोडा. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ आहे, तिच्या हद्दीतल्या उशिरासाठी तिला वेगळं जोडावं लागतं. आयआरसीटीसीला तुमच्या प्रकरणात ओढू नका. तिने तिकीट विकलं, गाडी चालवली नाही. दिवाणी दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, तशी ग्राहक तक्रारीला लागत नाही. तरी १५ दिवसांची साधी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जोडा.

मागणीच्या परिच्छेदात ‘भाडे परत मिळावे’ हे शब्द येऊ देऊ नका. भाड्याच्या परताव्याचे वाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातात, आणि हे शब्द दिसले की अधिकारक्षेत्राचा आक्षेप तयारच असतो. मजकूर साधारण असा ठेवा:

‘सामनेवाले यांनी दि. … रोजी गाडी क्र. … नियोजित वेळेपेक्षा ४ तास ३० मिनिटे विलंबाने दादर येथे पोचवली. विलंबाचे कोणतेही कारण प्रवासात अथवा नंतर कळवले नाही. ही सामनेवाले यांच्या सेवेतील त्रुटी आहे. त्यामुळे तक्रारदारास परिशिष्ट ‘अ’ मध्ये दर्शवल्याप्रमाणे रु. … इतका अतिरिक्त खर्च सोसावा लागला. तक्रारदार तिकिटाच्या भाड्याचा परतावा मागत नसून केवळ सेवेतील त्रुटीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागत आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. परिशिष्ट ‘अ’ मध्ये प्रत्येक खर्चापुढे तारीख, रक्कम आणि पुराव्याचा पान क्रमांक द्या.

नोटीस मिळाल्यावर रेल्वेला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस जादा मिळतात. ४ मार्च २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर ४५ दिवसांच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. ४६ व्या दिवशी म्हणणं आलं तर ते स्वीकारू नये असा अर्ज त्याच तारखेला द्या. म्हणणं वेळेत आलं तर त्यातलं कारण तुमच्या माहिती अधिकाराच्या कागदाशी ताडून पाहा. ‘तांत्रिक कारण’ एवढंच लिहिलं असेल, सोबत नोंदींची प्रत आणि अधिकाऱ्याचं शपथपत्र नसेल, तर तुमच्या पुरावा शपथपत्रात नेमकं तेच दाखवून द्या.

एक बचाव खरोखर गंभीर असतो: प्रवाशाने पुरेसा वेळ हातात ठेवला नाही. दादरला ६.४० ला उतरून १२.०५ चं विमान, म्हणजे जवळपास साडेपाच तासांचं अंतर. संजय शुक्ला प्रकरणात ते चार तासांच्या आत होतं, त्यामुळे तुम्ही मजबूत आहात. पण कुणी गाडी पोचण्याच्या वेळेनंतर दीड तासाचं विमान काढलं असेल, तर मी त्यांना हा दावा लढा असं सांगणार नाही. तसंच, गाडीची वेळ बदलल्याचा एसएमएस निघण्याआधीच आला होता आणि तरीही त्याच गाडीने निघालात, तरी दावा बराच पातळ होतो.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत, पण प्रत्यक्षात वर्ष ते दोन वर्षं धरून चला. म्हणूनच हजाराच्या आतल्या नुकसानीसाठी ही वाट धरू नये. आदेश झाला की प्रमाणित प्रत, बँक तपशील आणि रद्द केलेला चेक विभागाच्या विधी शाखेला स्पीड पोस्टाने पाठवा. रेल्वेला राज्य आयोगात अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि अपील करायचं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. या मुदतीत अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली आदेश न पाळल्याचा असे दोन वेगळे अर्ज द्या.